मोडीचे वाचक : एका कौशल्याच्या तुटवड्याचा इतिहास

विशिष्ट कामास योग्य माणसे न मिळणे, या आर्थिक घटनेचे एक लक्षणीय उदाहरण मोडी लिपीच्या इतिहासात आढळते. पेशवाईत आणि त्यानंतर अव्वल इंग्रजीतही मोडी हे कारकुनाच्या उपजीविकेचे साधन होते. दफ्तरात उमेदवार म्हणून बसावे, जुन्या कारकुनाच्या हाताखाली नकला कराव्यात आणि अक्षरवळणाबरोबर जमाखर्चाची व पत्रलेखनाची रीतही आत्मसात करावी, असा क्रम असे. फारसी ‘उमेद’पासून आलेल्या ‘उमेदवार’ या शब्दात नोकरीची आशा व कामाचे शिक्षण ही दोन्ही अंगे एकवटली आहेत.

विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी टाइपात छापला गेला. तथापि मुद्रणात पुढे बालबोधच रूढ झाली. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा शाळेत मोडी गिरविलेली पिढी हयात होती. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळा व कचेऱ्या यांतून मोडी लोपली. मागणीबरोबर उमेदवारीही संपली; कागद मात्र राहिले.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचकांची निकड भासली. एका शब्दाच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहू लागला.

अल्पमुदतीच्या वर्गांनी ही उणीव पुरती भरून निघत नाही. मोडीत हात न उचलता, शब्द न तोडता लिहिले जाते. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. शिवाय संक्षेप, ‘सलास’, ‘अर्बा’ यांसारखे अरबी संख्यावाचक शब्द, सुहूर व फसली सन आणि वतनांची परिभाषा ठाऊक नसेल, तर अक्षरे लागूनही मजकूर लागत नाही. प्रमाणपत्र वर्णमालेचे मिळते. काम दफ्तराचे असते. ही विसंगती दूर व्हावयाची, तर नवशिक्याला प्रत्यक्ष रुमालांपाशी, जाणत्या वाचकाच्या शेजारी, काही वर्षे वेतनावर बसविले पाहिजे. जुन्या दफ्तराची रीत याहून फारशी निराळी नव्हती.