एक मिलिमीटर आणि ११० मिनिटं

कॅन्सरचं निदान झालं की वाशिम जिल्ह्यातलं कुटुंब नागपूर गाठतं, नाहीतर थेट मुंबई. तिथं ‘पेट स्कॅन’ हा शब्द कानावर पडतो. आमच्या घरातल्या बोलीत पेट म्हणजे पोट. त्यामुळे मंगरूळपीरकडच्या बहुतेकांना तो पोटाचाच स्कॅन वाटतो. माझ्या मामूंच्या रिपोर्टात सहा मिलिमीटरच्या एका गाठीपुढे ‘सांगता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे’ असं लिहिलेलं होतं. ही यंत्रं सहा मिलिमीटरपाशी का अडखळतात, हे मला तेव्हापासून शोधायचं होतं.

पेटमधला ‘पी’ पॉझिट्रॉनचा. १९३२मध्ये कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत हा कण सापडला. इलेक्ट्रॉनसारखाच, फक्त विद्युतभार उलटा. दोघं भेटले की नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातल्या दोन डिटेक्टरांनी ते एकाच क्षणी टिपले, की कण त्या दोघांमधल्या रेषेवर कुठंतरी होता हे कळतं. अशा लाखो रेषांतून चित्र उभं राहतं. शरीरात पॉझिट्रॉन न्यायचा कसा? किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेल्या साखरेतून. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात. ही साखर माणसाला पहिल्यांदा ऑगस्ट १९७६मध्ये फिलाडेल्फियात दिली गेली. त्या कामात इराणच्या तबरीझमध्ये जन्मलेले डॉ. अब्बास अलवी होते. साखर तयार झाली न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत आणि विमानानं आणली गेली, कारण दर ११० मिनिटांनी तिची किरणोत्सारिता निम्मी होते.

आता डिटेक्टरकडे. नेहमीच्या यंत्रात जड क्रिस्टल असतात. किरण आदळला की ते चमकतात. क्रिस्टलची रुंदी काही मिलिमीटर, म्हणून चित्रही साधारण तेवढंच धूसर. सिलिकॉनचे तुकडे मात्र खूप बारीक करता येतात. अशा डिटेक्टरांची हातोटी भौतिकशास्त्रज्ञांना आधीपासून होती. सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं सुमारे हजार सिलिकॉन डिटेक्टर बनवून दिले होते. हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या गटानं एक मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉन चकत्या समोरासमोर लावून चाचणी घेतली. उंदरांसारख्या लहान प्राण्यांसाठीच्या त्या नमुन्यानं एक मिलिमीटरच्याही आतला तपशील दाखवला. पण सिलिकॉन हलका. एवढ्या पातळ चकतीत शंभरातले दोनेकच गॅमा किरण अडकतात, बाकीचे आरपार. मग एकावर एक थर लावा, नाहीतर रुग्णाला जास्त वेळ झोपवा. त्यातही पॉझिट्रॉन नष्ट होण्याआधी शरीरात थोडा सरकतोच. डिटेक्टर कितीही बारीक केला तरी तेवढी धूसरता उरते. रुग्णालयांत सिलिकॉन पोहोचलं ते वेगळ्या वाटेनं: गेल्या दशकातल्या नव्या यंत्रांत क्रिस्टलची चमक वाचायला सिलिकॉनचे सेन्सर आले. किरण पकडायला मात्र अजूनही क्रिस्टलच.

आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर आला. सेंटर १९६३चं. म्हणजे फिलाडेल्फियातल्या त्या इंजेक्शननंतर २६ वर्षांनी. वाशिम तेव्हा अकोल्यातून वेगळा होऊन चारच वर्षांचा जिल्हा होता.

स्कॅनसाठी चार-सहा तास उपाशी यावं लागतं, रक्तातली साखर आटोक्यात लागते, इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहावं लागतं. सकाळच्या नंबरासाठी आमच्याकडचा माणूस रात्रीच निघतो. माणसाऐवजी औषधच वाशिमला आणायचं म्हटलं, तर पावणेचार तासांच्या प्रवासात त्याची चौथाईच ताकद उरते. शास्त्रज्ञांचा झगडा एका मिलिमीटरशी चालू आहे. मंगरूळपीरच्या रुग्णाचा त्याआधी ११० मिनिटांशी असतो आणि त्यावर अजून कुठली चकती निघालेली नाही.