वेग वाढला की धोका

आपण इंजिनियर मंडळी स्पीड वाढला की खूश. सिकलसेलमध्ये मात्र उलटं आहे.

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. पण या आजारात लहान मुलांनाही अर्धांगवायूचा झटका येतो, आणि तो कोणाला येणार हे आधी कळायचं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट अॅडम्स यांनी सोनोग्राफीने मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजून ते ओळखता येतं हे दाखवलं. पाइप चिमटला की पाणी जोरात उडतं ना, अरुंद धमनीचंही तसंच. १९९८ च्या चाचणीत सेकंदाला २०० सेंमी किंवा जास्त वेग असलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं; झटक्याचा धोका ९२ टक्क्यांनी घटला!

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आपल्याकडे रक्त तपासतात. आजार निघालेल्या मुलाच्या कानशिलावर तो प्रोबही टेकवायला हवा. ना सुई, ना भूल.