मधले नाव (मराठी नामपद्धती)

मधले नाव म्हणजे मराठी भाषकांच्या तीनपदी नावात पहिले नाव आणि आडनाव यांच्यामध्ये येणारे पद होय. हे पद साधारणपणे वडिलांचे नाव असते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत ते रूढीने पतीचे नाव असते. इंग्रजी भाषक देशांत मधले नाव बहुधा आईवडिलांच्या पसंतीने ठेवले जाते. मराठी पद्धतीत ते निवडले जात नाही, नात्यावरून ठरते. त्यामुळे बाळाचे नाव ठेवताना निवड एकाच पदाची, म्हणजे पहिल्या नावाची होते, आणि ते आधीच ठरलेल्या दोन पदांशी जुळवून घ्यावे लागते. १ मे २०२४ पासून महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांतील नावात आईच्या नावालाही स्थान दिल्याने या रचनेत मोठा बदल झाला आहे.

रचना

प्रचलित क्रम पहिले नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा आहे. उदाहरणार्थ, सुनील मनोहर गावस्कर या नावात 'मनोहर' हे वडिलांचे नाव आहे. एका पित्याच्या सर्व अपत्यांचे मधले नाव एकच असते. गजानन दिगंबर माडगूळकर आणि व्यंकटेश दिगंबर माडगूळकर हे साहित्यिक बंधू होते, हे त्यांच्या नावांवरूनच कळते. आडनाव कुळ सांगते, मधले नाव त्या कुळातील नेमके घर सांगते आणि पहिले नाव व्यक्ती सांगते. एकाच गावात एका आडनावाची अनेक घरे असल्यास मधल्या नावाविना व्यक्तीची ओळख पटणे अवघड होते.

ही पद्धत एका धर्मापुरती मर्यादित नाही. महाराष्ट्रातील हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम, ख्रिस्ती आणि बेने इस्रायली कुटुंबांतही वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याचा प्रघात आढळतो.

इतिहास

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात व्यक्तीची ओळख आईच्या नावावरून सांगण्याचीही प्रथा होती. सातवाहन राजे गौतमीपुत्र सातकर्णी व वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांची नावे मातृनामांवर आधारलेली आहेत. नाशिकजवळील पांडवलेणी येथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख असून त्यात तिने आपल्या पुत्राचा गौरव केला आहे. मात्र या नावांवरून सातवाहन समाज मातृसत्ताक होता असे म्हणता येत नाही, कारण राज्याचा वारसा पित्याकडून पुत्राकडे जात असे.

मध्ययुगीन मराठी कागदपत्रांत नाते दाखवण्यासाठी नावांच्या मध्ये स्वतंत्र शब्द येत. पुत्रासाठी 'बिन' किंवा 'वलद' आणि पत्नीसाठी 'कोम' हे शब्द वापरात होते. जमिनींच्या जुन्या नोंदींत ते आजही वाचावयास मिळतात. कालांतराने हे जोडशब्द गळाले आणि वडिलांचे अथवा पतीचे नाव तेवढे मध्ये उरले.

पेशवे घराण्यात मधल्या नावाचे कार्य स्पष्ट दिसते. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ आणि बाजीरावांचे पुत्र बाळाजी बाजीराव होत. 'बल्लाळ' हे बाळाजी या नावाचेच रूप आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकाच घरात तीच नावे पुन्हा येत. अशा वेळी दोन बाळाजींमधील फरक मधल्या नावानेच कळतो.

पहिल्या नावाची निवड

बाळाचे नाव बारशाच्या दिवशी, रूढीने बाराव्या दिवशी, ठेवले जाते. बाळाला पाळण्यात घालून आत्या त्याच्या कानात नाव सांगते. मनुस्मृतीत नामकरणासाठी दहावा किंवा बारावा दिवस सांगितला आहे. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. 'धर्मसिंधु' या ग्रंथात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी मधल्या नावाशी प्रत्यक्ष जोडले जाते ते व्यावहारिक नाव होय.

नाक्षत्रनाम जन्मनक्षत्राच्या चरणावरून काढतात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून १०८ अक्षरे होतात. उदाहरणार्थ, अश्विनी नक्षत्राच्या चरणांसाठी चू, चे, चो, ला ही अक्षरे आहेत. अनेक कुटुंबे हे नाव पत्रिकेपुरते ठेवतात आणि व्यवहारासाठी वेगळे नाव निवडतात.

वडीलधाऱ्यांचे नाव ठेवण्याच्या चालीतून एक व्यावहारिक अडचण निर्माण होई. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारू नये असा संकेत असल्याने, तेच नाव मिळालेल्या मुलाला आईला हाक मारता येत नसे. त्यामुळे बाळ, अण्णा, नाना, बापू यांसारखी घरगुती नावे रूढ झाली. घरगुती नाव मूळ नावावर मात करते असेही घडते. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव होते, पण ते 'बाळ गंगाधर टिळक' म्हणूनच ओळखले जातात.

नावातून समाजाची धारणाही व्यक्त होते. आधीची मुले दगावलेल्या घरात नव्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध कुटुंबांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता यांसारखी नावे मोठ्या प्रमाणात आली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकुशा' किंवा 'नकोशी' ठेवण्याची प्रथाही काही भागांत होती. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. या मुलींच्या पूर्ण नावात वडिलांचे नाव आणि कुळाचे आडनाव होते. नाकारलेपण व्यक्त करणारे होते ते केवळ त्यांचे स्वतःचे पहिले नाव.

मधल्या नावाशी मेळ

पहिले नाव निवडताना ते मधल्या नावाबरोबर कसे उच्चारले जाते याचा विचार केला जातो. सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात.

• अक्षरसंख्या: वडिलांचे नाव व आडनाव लांब असल्यास दोन-तीन अक्षरांचे पहिले नाव उच्चारण्यास सुटसुटीत वाटते. पुरुषोत्तम किंवा चंद्रशेखर या नावांपुढे 'नीला' किंवा 'अजय' सहज बसते.

• यमक: 'समीर सुधीर' किंवा 'रमेश सुरेश' अशा जोड्यांत दोन्ही पदांचा शेवट सारखा असल्याने ऐकताना गोंधळ होऊ शकतो. काही कुटुंबे मात्र असे साम्य मुद्दाम साधतात.

• संधिस्थान: पहिल्या नावाचे शेवटचे व्यंजन आणि मधल्या नावाचे पहिले व्यंजन एकच असल्यास दोन्ही पदे उच्चारात एकमेकांत मिसळतात. 'विवेक कमलाकर' हे नाव भरभर उच्चारल्यास दोन 'क' एकत्र येतात.

• अर्थ: दोन्ही नावे पुराणातील असल्यास त्यांतील नाते पाहिले जाते. 'राम दशरथ' या जोडीत पुत्र व पिता हा क्रम राखला जातो. 'दशरथ राम' या जोडीत तो उलटतो.

• रोमी लेखन: परदेशात शिक्षण वा नोकरीची शक्यता लक्षात घेऊन रोमी लिपीत सोपे जाईल असे नाव निवडण्याचा कल वाढला आहे. ळ, ण आणि अनुस्वार यांचे रोमी लेखन वेगवेगळ्या कागदपत्रांत वेगवेगळे होते, हे त्यामागील एक कारण आहे.

आद्याक्षरे

पहिल्या व मधल्या नावाची आद्याक्षरे आडनावापुढे लिहिण्याची पद्धत मराठी साहित्यात विशेष रुजली. पु. ल. देशपांडे (पुरुषोत्तम लक्ष्मण), ग. दि. माडगूळकर (गजानन दिगंबर), वि. स. खांडेकर (विष्णु सखाराम), गो. नी. दांडेकर (गोपाळ नीलकंठ) आणि चिं. वि. जोशी (चिंतामण विनायक) ही त्याची उदाहरणे आहेत. देवनागरीत आद्याक्षर स्वरासह लिहिले जाते; त्यामुळे 'पु.', 'गो.' किंवा 'चिं.' वरून मूळ नावाचा अंदाज येतो. रोमी लिपीत केवळ पहिले अक्षर उरते. कथाकार जी. ए. कुलकर्णी (गुरुनाथ आबाजी) यांच्या नावातील आद्याक्षरे रोमी पद्धतीची आहेत. देवनागरी पद्धतीने ती 'गु. आ.' अशी झाली असती. आडनाव वगळून 'पु. ल.' किंवा 'जी. ए.' एवढ्यानेच लेखकाचा उल्लेख होतो, तेव्हा वडिलांचे नाव मुलाच्या ओळखीचा अविभाज्य भाग बनलेले असते.

दत्तकविधानानंतरचे नाव

मधले नाव पितृत्वाशी जोडलेले असल्याने दत्तक गेल्यावर ते बदलते. कित्येकदा पहिले नावही बदलले जाई. कुसुमाग्रज या टोपणनावाने लिहिणारे कवी जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. काका वामन शिरवाडकर यांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन शिरवाडकर झाले. वि. स. खांडेकर यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर होते. दोघांचेही आडनाव तेच राहिले, मात्र पहिले व मधले नाव बदलले.

स्त्रियांचे मधले नाव

विवाहापूर्वी स्त्रीच्या नावात वडिलांचे नाव असते. विवाहानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदलण्याची रूढी आहे. पूर्वी पहिले नावही बदलले जाई. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहिण्याचा विधी आजही काही घरांत होतो. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. अशा बदलात स्त्रीच्या माहेरच्या नावातील एकही पद शिल्लक राहत नसे.

विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणत्याही कायद्याचे बंधन नाही. माहेरचे पूर्ण नाव कायम ठेवणे, दोन्ही आडनावे जोडून लिहिणे किंवा केवळ पहिले नाव लावणे असे पर्याय आता वापरात आहेत.

आईच्या नावाचा समावेश

महाराष्ट्रातील शैक्षणिक कागदपत्रांत आईचे नाव पूर्वीपासून स्वतंत्र रकान्यात नोंदवले जात होते. ते मुलाच्या नावाचा भाग नव्हते. काही व्यक्तींनी आईचे नाव स्वेच्छेने मध्ये लावले. चित्रपट दिग्दर्शक संजय लीला भन्साळी हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावाची नोंद शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करणे बंधनकारक झाले. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत पतीचे नाव लिहिण्याची पद्धत चालू ठेवण्यात आली, तर अनाथ बालकांसारख्या अपवादात्मक प्रकरणांत सूट देण्यात आली.

यामुळे तीनपदी नाव शासकीय व्यवहारात चारपदी झाले आणि पहिल्या नावालगतचे स्थान आईच्या नावाला मिळाले. नावाचा मेळ आता प्रथम आईच्या नावाशी पाहावा लागतो. आडनाव मात्र सहसा वडिलांच्या कुळाचेच राहते.

एकल मातांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव असे गृहीत धरलेल्या अर्जांमुळे अशा मातांना अडचणी येत. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिलेल्या निकालात, अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिच्या अपत्याचा जन्मदाखला देण्यात यावा असे स्पष्ट केले. २८ जुलै २०२२ च्या अन्य एका निकालात, पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईला नैसर्गिक पालक या नात्याने अपत्याचे आडनाव ठरवण्याचा अधिकार असल्याचे मान्य करण्यात आले.

नोंदणी

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकास द्यावी लागते. त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसल्यास नावाशिवायही जन्मनोंद होते. पुढे १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क नोंदवता येते आणि त्यानंतर जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेमुळे, त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा आहे. त्यामुळे दाखल्यावरील नावाचे लेखन अचूक असणे आवश्यक ठरते. नंतर नाव बदलल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात ते प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे.

पदांच्या क्रमातील भिन्नतेमुळेही विसंगती उद्भवतात. राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते. भारतीय पासपोर्टवर नाव व आडनाव असे दोनच रकाने असल्याने वडिलांचे नाव पहिल्या नावाच्या रकान्यात जोडून लिहिले जाते.

इतर पद्धतींशी तुलना

गुजराती नामपद्धती मराठीशी मिळतीजुळती आहे. तमिळनाडूत अनेक जण आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर स्वतःच्या नावापूर्वी लिहितात. रशियन पद्धतीत मधले पद वडिलांच्या नावाला प्रत्यय लावून तयार होते. लेनिन यांच्या 'व्लादिमिर इल्यिच' या नावातील 'इल्यिच' म्हणजे इल्या यांचा पुत्र. आइसलँडमध्ये बहुतेकांना वंशपरंपरागत आडनाव नसते. वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून साधलेले पद नावाच्या शेवटी येते. मराठी पद्धतीत वडिलांचे नाव कोणताही प्रत्यय न लावता, आहे त्या रूपातच येते. त्यामुळे मधल्या पदाचा अर्थ केवळ त्याच्या स्थानावरून कळतो.