मामांचा लाल बावटा आणि कापसाचा भाव

डिसेंबर 2025 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाला शंभर वर्षं पूर्ण झाली. 26 डिसेंबर 1925 ला कानपूरला पक्ष स्थापन झाला असं हा पक्ष मानतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट मात्र 1920 ची ताश्कंदची बैठक धरतात. म्हणजे वाढदिवसावरही एकमत नाही! आमच्या घरात ही तारीख लक्षात ठेवणारा मी एकटाच उरलो आहे, म्हणून म्हटलं, चार ओळी लिहून ठेवाव्यात. नातवंडांपैकी कोणी वाचलं तर वाचलं.

आधीच सांगतो, मी पक्षाचा माणूस नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, मत प्रत्येक वेळी विचार करून वेगवेगळ्यांना दिलं. पण माझे थोरले मामा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये कामगार होते आणि लाल बावटावाले होते. या पक्षाचं देशाच्या अर्थकारणाबद्दल आणि परराष्ट्र धोरणाबद्दल काय म्हणणं होतं, हे मी पुस्तकांच्या आधी मामांच्या तोंडून ऐकलं.

मामा एक वाक्य नेहमी म्हणायचे, "भाचा, कापूसना भाव आठे ठरत नही, तो लिव्हरपूलमा ठरस." तेव्हा हसू यायचं. धरणगाव कुठे आणि लिव्हरपूल कुठे!

पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा कळलं की यात हसण्यासारखं काही नाही. 1674 साली इंग्रजांनी आपल्या धरणगावात वखार घातली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली, 1679 साली पुन्हा लुटली. वखार आली होती ती इथल्या कापडासाठी. नंतर 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला. अमेरिकेतल्या लढाईने इथला शेतकरी आधी वर चढला आणि मग कर्जात बुडाला. तेव्हा परराष्ट्र व्यवहार हा दिल्लीतल्या साहेबांचाच विषय आहे असं निदान आपण धरणगावकरांनी तरी म्हणू नये.

आता पक्षाकडे येतो. डिसेंबर 1936 मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. त्याच वेळी तिथे किसान सभेचंही अधिवेशन झालं. मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी चालत फैजपूरला आला होता. कम्युनिस्ट पक्षावर तेव्हा बंदी होती आणि त्याचे कार्यकर्ते काँग्रेसमध्ये राहूनच काम करत होते. सारा आणि खंड कमी करा, सावकारी कर्जातून सोडवा, जमीन कसणाऱ्याला हक्क द्या, अशा मागण्या होत्या. फैजपूरच्या काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव केला, त्यात यातल्या बऱ्याच गोष्टी आल्या. ही भाषा खानदेशच्या माणसाला समजावून सांगावी लागत नव्हती. त्याच सुमारास मामा गिरणीत लागले आणि युनियनमध्ये गेले.

मग आलं 1942. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला. तोपर्यंत ज्या युद्धाला पक्ष साम्राज्यशाही युद्ध म्हणत होता, त्याच युद्धाला त्या वर्षाच्या अखेरीस तो लोकयुद्ध म्हणू लागला. इंग्रजांना युद्धात अडथळा करायचा नाही असं ठरलं. जुलै 1942 मध्ये पक्षावरची बंदी उठली आणि ऑगस्टमध्ये 'चले जाव' सुरू झालं. 9 सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले. साने गुरुजी भूमिगत झाले. पुढे 14 एप्रिल 1944 ला चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला. सगळा खानदेश एका बाजूला आणि मामांचा पक्ष दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था होती.

हिटलर हरला पाहिजे हे म्हणणं चुकीचं होतं का? नव्हतं. पण ज्याच्या दारात पोलीस उभे आहेत, त्याला स्टालिनग्राडची लढाई आधी बघ म्हणून सांगणं कोणाला पटणार? मामा म्हातारपणी म्हणाले होते, "आम्ही नकाशा बरोबर वाचला, पण तो दुसऱ्याच्या घरचा होता."

स्वातंत्र्यानंतर पक्षाने पुन्हा जम बसवला, आणि तो अर्थकारणाच्या बळावर. पोलाद, वीज, खाणी, विमा, बँका सरकारच्या हातात हव्यात, कूळ जमिनीचा मालक व्हावा, परदेशी भांडवलाला लगाम हवा, ही त्यांची मागणी. 1955 साली रशियाच्या मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभारायचा करार झाला. 1956 साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. नेहरूंचं अलिप्ततेचं धोरण आणि दुसरी पंचवार्षिक योजना यांना पाठिंबा किती द्यायचा, यावर पक्षातच वाद चालत. गोव्याच्या मुक्तीसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी मात्र हे लोक सर्वांबरोबर उभे राहिले. 1957 साली मुंबईतून कॉम्रेड डांगे आणि साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. मामांच्या आयुष्यातला तो बहुधा सर्वांत चांगला काळ. ते आले की रशियात छापलेली गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं आणायचे. मी ती वाचायचो आणि माझी धाकटी बहीण त्यातली चित्रं वह्यांना कव्हर घालायला पळवायची.

20 ऑक्टोबर 1962 ला चीनने हल्ला केला. त्या वर्षी दिवाळी आठवडाभरातच होती. मी तेव्हा शाळेत होतो. संरक्षण निधीसाठी आम्ही मुलं डबे घेऊन गल्लोगल्ली फिरत होतो. भाऊबीजेला मामा नेहमीप्रमाणे अमळनेरहून आगगाडीने आले. आईने पहाटेपासून खापरावर मांडे घातले होते. दुपारी बाहेर गलका झाला म्हणून पाहतो तर आमच्या ओट्याच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चिनी'. समोर दहाबारा माणसं उभी, सगळी ओळखीची. त्यांच्यात माझ्याबरोबर डबा घेऊन फिरणारा एक मुलगाही होता.

वडील पक्के खादीवाले, 1942 साली आठ दिवस कच्च्या कैदेत राहून आलेले. मामांशी त्यांचं राजकारणात कधी जमलं नाही. ते बाहेर आले, ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि म्हणाले, "हा माझा मेहुणा आहे. भाऊबीजेला आलाय. जेवून जाईल." माणसं पांगली. मामा आत पाटावर बसून होते. आईने ओवाळलं तेव्हा त्यांनी ताटात ओवाळणी टाकली, पण जेवण त्यांना गेलं नाही.

नंतर मला कळलं की त्या दिवसांत पक्षाच्या वरिष्ठ मंडळींतच एकवाक्यता नव्हती. 1 नोव्हेंबर 1962 ला राष्ट्रीय परिषदेने चीनच्या आक्रमणाचा निषेध करून सरकारला पाठिंबा दिला. म्हणजे आमच्या भिंतीवर अक्षरं उमटल्यावर दोन-तीन दिवसांनी! वरच्यांचं ठरायला वेळ लागला आणि खालच्यांनी तोंड दिलं. त्याच महिन्यात डाव्या गटाच्या अनेक नेत्यांची धरपकड झाली आणि 1964 साली पक्ष फुटला. फूट केवळ चीनवरून झाली असं नाही. काँग्रेसबरोबर जायचं की तिच्याविरुद्ध, देशी भांडवलदार मित्र की शत्रू, हाही मोठा वाद होता. मामा काही दिवस डांग्यांकडे राहिले, मग त्यांनी वर्गणी देणंच बंद केलं. युनियनचं काम मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

गंमत पाहा, पक्ष दुबळा होत गेला आणि त्याच्या आर्थिक मागण्या इतरांनी पुऱ्या केल्या. 1969 साली इंदिराबाईंनी चौदा बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या. 1972 पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्याच दुष्काळातून रोजगार हमीची योजना वाढली. 1971 चा रशियाबरोबरचा करार तर पक्षाला मनापासून हवा होता. श्रेय काँग्रेसला मिळालं. उलट 1975 च्या आणीबाणीला भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पाठिंबा दिला, मार्क्सवाद्यांनी विरोध केला, आणि पाठिंबा देणाऱ्यांना 1978 साली चूक कबूल करावी लागली. त्याच साली आपल्या धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले. वर्ग दिसतो तशी जात का दिसत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मला वाटतं तोही नकाशाचाच प्रश्न होता.

हाच खेळ 2004 नंतर पुन्हा झाला. डाव्या पक्षांचे साठाच्या आसपास खासदार निवडून आले आणि मनमोहन सिंगांचं सरकार त्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. 2005 चा ग्रामीण रोजगार हमी कायदा त्याच काळातला. मग जुलै 2008 मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून त्यांनी पाठिंबा काढला. सरकार 275 विरुद्ध 256 मतांनी तरलं. 2009 साली मार्क्सवादी पक्ष 43 वरून 16 जागांवर आला. बंगालमधल्या नंदीग्राम-सिंगूरचा त्यात मोठा वाटा होता हे खरं. पण खेड्यातल्या माणसाला रोजगाराचा कायदा कळला होता. अणुकरारावर सरकार पाडायला का निघाले, हे त्याला कोणी समजावलं नाही.

बरीच वर्षं माझं मत असं होतं की या पक्षाने भाकरीवर बोलावं आणि जगाच्या भानगडीत पडू नये. वर्गातही मी असंच सांगत असे.

हे मत मला गेल्या काही काळात बदलावं लागलं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यातला निम्मा भाग आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून! त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. कापडगिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा हा हेतू. किसान सभेने विरोध केला. आमचा पुतण्या कापूस लावतो. सरकारी हमीभाव लांब धाग्याला 8110 रुपये क्विंटल होता, पण व्यापारी त्याच्या खालीच बोलत होता. पुतण्या मला म्हणाला, "काका, अमेरिका आणि रशियाच्या भांडणात आपला कापूस कसा काय आला?"

मी काय सांगणार? मला मामा आठवले. भाकरी आणि जग वेगळं नाही, ही गोष्ट मामांच्या पक्षाने सर्वांच्या आधी ओळखली होती. चूक झाली ती दुसरीकडे. लिव्हरपूलकडे बघायचं ते धरणगावच्या शेतात उभं राहून. त्यांचे पुढारी मॉस्कोत किंवा पेकिंगात उभे राहून धरणगावकडे बघत राहिले. आणि ज्यांनी जगाकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडेही पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर नाही.

2023 साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा गेला. मामा जाऊन तर किती वर्षं झाली. त्या ओट्याची भिंतही आता नाही, तिथे सिमेंटचं घर उभं आहे. पण दर भाऊबीजेला मला ती कोळशाची अक्षरं दिसतात, आणि त्यांच्यासमोर फडकं घेऊन उभे राहिलेले वडील. त्यांना मामांच्या पक्षाचं एकही मत पटत नव्हतं.

असो. पुतण्याला मी मामांचं ते वाक्य ऐकवलं. तो हसला नाही.