गृहविम्याचा दावा : नामंजुरी व अपुरी भरपाई (भारत)

आग, पूर, वादळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत घराचे किंवा घरातील वस्तूंचे नुकसान झाल्यावर विमापत्राच्या आधारे विमा कंपनीकडे केलेल्या भरपाईच्या मागणीस गृहविम्याचा दावा असे म्हणतात. असा दावा कंपनीने पूर्णतः फेटाळला तर ती नामंजुरी होय. मंजूर रक्कम प्रत्यक्ष नुकसानापेक्षा कमी असली तर ती अपुरी भरपाई ठरते. दोन्ही प्रसंगी विमाधारकाला कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण (इर्डा), विमा लोकपाल, ग्राहक आयोग व दिवाणी न्यायालय यांच्याकडे दाद मागता येते. प्रत्येक मार्गाची मुदत, मर्यादा व परिणाम निरनिराळे असल्याने त्यांचा क्रम समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

भारतातील विमा व्यवसाय विमा अधिनियम, १९३८ आणि इर्डा अधिनियम, १९९९ यांनुसार चालतो. घरांसाठी पूर्वी प्रमाणित अग्निविमापत्र वापरले जात असे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र अमलात आले. त्यात आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, त्सुनामी, भूस्खलन, दंगल, हेतुपुरस्सर केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी वा नळ फुटणे इत्यादी जोखमींचा समावेश आहे. यांपैकी एखादी घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीही त्यात धरली जाते. मात्र एरवी होणाऱ्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सर्वसाधारण वस्तूंना इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. इमारतीची विमारक्कम चटई क्षेत्र व बांधकामाचा चालू दर यांच्या गुणाकाराने ठरते. जमिनीची किंमत तीत नसते, कारण आपत्तीत घर पडते, जमीन राहते. सदनिकेचा बाजारभाव व तिची विमारक्कम यांत मोठी तफावत दिसते ती यामुळेच.

महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ चा लातूर-उस्मानाबाद परिसरातील भूकंप, २६ जुलै २००५ ची मुंबईतील अतिवृष्टी, ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर अशा आपत्ती अनुभवल्या आहेत. अशा वेळी तलाठ्याने केलेला पंचनामा हा शासकीय मदतीसाठी असतो. तो विम्याच्या दाव्यात उपयुक्त पुरावा ठरतो. परंतु विमा कंपनीला स्वतंत्रपणे कळवण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

दाव्याची प्रक्रिया

नुकसान लक्षात येताच विमा कंपनीला सूचना देणे ही पहिली पायरी होय. भारत गृह रक्षा विमापत्रानुसार दाव्याचा अर्ज नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. आग लागल्यास अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी वा नासधूस झाल्यास पोलिसांकडील नोंद, तसेच वस्तूंची यादी, खरेदीच्या पावत्या, दुरुस्तीचे अंदाजपत्रक व छायाचित्रे ही नेहमी लागणारी कागदपत्रे होत.

एक लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या मालमत्ताविषयक दाव्यासाठी परवानाधारक सर्वेक्षकाकडून पाहणी करून घेणे आवश्यक असते. सर्वेक्षकाची नेमणूक व त्याचे शुल्क कंपनीकडून होत असले, तरी त्याने नुकसानाचे मूल्यांकन निःपक्षपणे करावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. इर्डाच्या जून २०२४ च्या सर्वसाधारण विमाविषयक परिपत्रकानुसार दावा नोंदवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमणे, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवणे आणि अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत निर्णय देणे कंपनीकडून अपेक्षित आहे. केवळ कागदपत्रांच्या अभावी दावा फेटाळता येत नाही. देय रक्कम देण्यास विलंब झाल्यास बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक दराने व्याज देण्याची तरतूद आहे.

पुरानंतर घरोघरी एक अडचण उद्भवते. भिजलेले धान्य, गाद्या व लाकडी सामान कुजू लागते, त्यामुळे ते लवकर बाहेर काढणे भाग पडते. पण सर्वेक्षक येण्यापूर्वी सर्व सामान फेकले गेले, तर नुकसानाचा पुरावाही त्याबरोबर जातो. नुकसान वाढू न देणे आणि पुरावा जपणे ही दोन्ही कर्तव्ये विमाधारकावरच असतात. म्हणून साफसफाईपूर्वी प्रत्येक खोलीची व भिंतीवरील पाण्याच्या खुणेची छायाचित्रे घेणे, उपकरणांवरील क्रमांक टिपून ठेवणे, गादीचा वा लाकडाचा तुकडा नमुन्यादाखल राखणे आणि सामान हलवत असल्याचे कंपनीला लेखी कळवणे हा व्यवहार्य मार्ग मानला जातो.

नामंजुरीची सामान्य कारणे

* जोखमीचा समावेश नसणे : भिंतींना हळूहळू चढणारी ओल, वापराने होणारी झीज, नव्या बांधकामाच्या नैसर्गिक खचण्याने पडणाऱ्या भेगा, सदोष बांधकाम यांची भरपाई मिळत नाही. सोने-चांदीची लगड, मौल्यवान रत्ने, हस्तलिखिते यांचा स्वतंत्र उल्लेख नसल्यास त्यांना संरक्षण नसते.
* माहिती दडवणे : विमा हा परमविश्वासाचा करार असल्याने प्रस्तावपत्रात महत्त्वाची वस्तुस्थिती लपवली गेल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. राहत्या घराचा उपयोग गोदाम वा कारखाना म्हणून होत असणे, हे याचे ठळक उदाहरण होय.
* विलंब : सूचना उशिरा दिली, हे कारण अनेकदा पुढे केले जाते. तथापि २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाद्वारे इर्डाने कंपन्यांना असे बजावले की विलंबाचे कारण खरे व अपरिहार्य असेल, तर केवळ विलंबावरून यांत्रिकपणे दावा फेटाळू नये.
* विमापत्र चालू नसणे : नूतनीकरण न झाल्यास संरक्षण संपते. गृहकर्जाबरोबर घेतलेल्या विम्यात ही बाब बऱ्याचदा दुर्लक्षित राहते.

भरपाई कमी होण्याची कारणे

अपुरा विमा हे यांतील प्रमुख कारण होय. घर पुन्हा बांधण्यास ४० लाख रुपये लागत असता विमा २० लाखांचाच असेल, तर सरासरीचे कलम असलेल्या विमापत्रात नुकसानाचा निम्मा भारच कंपनी उचलते. अशा घराचे चार लाखांचे नुकसान झाल्यास दोन लाख रुपयेच मिळतात. नुकसान विमारकमेपेक्षा कितीतरी कमी असूनही ही कपात होते, याचे विमाधारकांना आश्चर्य वाटते. भारत गृह रक्षा विमापत्रात हे कलम शिथिल करण्यात आले आहे. म्हणून कपात दिसल्यास आपले विमापत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रथम पाहावे लागते.

दुसरे कारण घसारा. बाजारमूल्यावर आधारित विमापत्रात वस्तूच्या वयानुसार रक्कम कमी केली जाते. समजा, ४० हजार रुपये किमतीचे कपाट पाच वर्षे वापरलेले असून वार्षिक घसारा १० टक्के धरला, तर २० हजार रुपयेच देय ठरतात. पुनःस्थापन मूल्यावर आधारित विमापत्रात अशी कपात अपेक्षित नसते.

काही वेळा देय बाबीच हिशेबातून सुटतात. भारत गृह रक्षा विमापत्रात वास्तुविशारद व अभियंत्याचे शुल्क दाव्याच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च दोन टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. घर राहण्यायोग्य नसल्यास पर्यायी निवासाचे भाडे मिळण्याचीही तरतूद आहे. घरावर कर्ज असल्यास इमारतीची भरपाई प्रथम बँकेकडे जाऊ शकते. ती रक्कम हाती आली नाही म्हणून तिला अपुरी भरपाई म्हणता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेने संपूर्ण इमारतीचा विमा उतरवला असल्यास इमारतीचा दावा संस्थेमार्फत व घरातील वस्तूंचा दावा सदस्याच्या स्वतःच्या विमापत्रातून करावा लागतो.

दाद मागण्याचे मार्ग

कंपनीकडे तक्रार

नामंजुरीचे कारण विमापत्रातील कोणत्या कलमावर आधारलेले आहे, हे लेखी मागवणे व सर्वेक्षण अहवालाची प्रत मिळवणे येथून सुरुवात होते. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली जाते. तीत सर्वेक्षकाची आकडेवारी व विमाधारकाचा अंदाज बाबनिहाय समोरासमोर मांडल्यास वाद नेमका कोठे आहे, ते स्पष्ट होते. केवळ 'रक्कम कमी आहे' अशा तक्रारीपेक्षा 'स्वयंपाकघरातील ओट्याचा व दारांचा खर्च अहवालात धरलेला नाही' अशी तक्रार अधिक परिणामकारक ठरते. तक्रारीचा निर्णय १४ दिवसांत अपेक्षित असतो.

विमा भरोसा

कंपनीकडून समाधान न झाल्यास इर्डाच्या 'विमा भरोसा' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. इर्डा ही तक्रार कंपनीकडे पाठवून तिचा पाठपुरावा करते. परंतु ती स्वतः भरपाईची रक्कम ठरवत नाही वा दोन्ही पक्षांचा न्यायनिवाडा करत नाही.

विमा लोकपाल

विमा लोकपाल नियम, २०१७ यांनुसार व्यक्तिगत विमाधारकाला लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. वकिलाची गरज नसते. कंपनीकडे प्रथम लेखी तक्रार केलेली असणे आणि ती फेटाळली जाणे, उत्तर असमाधानकारक असणे किंवा एक महिन्यात उत्तर न येणे ही पूर्वअट आहे. त्यापुढे एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जावे लागते. भरपाईची कमाल मर्यादा पूर्वी ३० लाख रुपये होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती ५० लाख करण्यात आली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रार ऑनलाइन नोंदवण्याची व दृक्श्राव्य माध्यमातून सुनावणीची सोय झाली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे इत्यादी ठिकाणी लोकपालांची कार्यालये आहेत.

लोकपाल प्रथम समेटाचा प्रयत्न करतो. तो न साधल्यास आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो व ३० दिवसांत त्याचे पालन करावे लागते. विमाधारकावर मात्र तो बंधनकारक नसतो; त्याला पुढे ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्याच विषयावर न्यायालयात वा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असल्यास किंवा निर्णय झालेला असल्यास लोकपाल तक्रार स्वीकारत नाही. त्यामुळे या दोन मार्गांचा क्रम आधी ठरवणे हिताचे असते.

ग्राहक आयोग व दिवाणी न्यायालय

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार विमा ही 'सेवा' असून दावा चुकीच्या कारणाने फेटाळणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते; पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. आयोगाची अधिकारिता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर, ठरते. हप्ता ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. त्यामुळे गृहविम्याची जवळजवळ सर्व प्रकरणे जिल्हा आयोगासमोर येतात. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे त्याला जाता येते. आयोग भरपाईबरोबर व्याज, मानसिक त्रासाबद्दलची रक्कम व खर्चही देववू शकतो. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते. अपील करणाऱ्या कंपनीला आदेशित रकमेच्या निम्मी रक्कम जमा करावी लागते.

साक्षीपुराव्यांची विस्तृत छाननी आवश्यक असलेल्या किंवा फसवणुकीच्या गुंतागुंतीच्या प्रकरणांत दिवाणी दावा हा पर्याय उरतो. त्याची मुदत नामंजुरीपासून तीन वर्षे आहे.

महत्त्वाचे न्यायनिर्णय

सर्वोच्च न्यायालयाने विविध निर्णयांतून पुढील तत्त्वे प्रस्थापित केली आहेत. ही प्रकरणे प्रामुख्याने व्यापारी विम्याची असली, तरी त्यांतील तत्त्वे गृहविम्यालाही लागू पडतात.

* मॉडर्न इन्शुलेटर्स विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०००) : ज्या अपवाद-अटी विमाधारकाला कळवल्याच नाहीत, त्यांचा आधार कंपनीला घेता येत नाही.
* श्री व्यंकटेश्वर सिंडिकेट विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२००९) : सबळ कारण न देता एकामागून एक सर्वेक्षक नेमून सोयीचा अहवाल मिळवणे अनुचित आहे.
* सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (२०१९) : नामंजुरीच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर सुनावणीत पुढे करता येत नाही. नामंजुरीचे लेखी पत्र जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून लक्षात येते.
* युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स (१९९९) : पूर्ण फेडीच्या पावतीवर सही केली एवढ्यावरून विमाधारकाचा हक्क संपत नाही, मात्र ती सही फसवणूक, दिशाभूल वा दबावाखाली घेतली गेली, हे त्याला दाखवून द्यावे लागते.

शेवटच्या मुद्द्याचा संबंध अपुऱ्या भरपाईशी थेट येतो. आपत्तीनंतर पैशांची निकड असल्याने विमाधारक 'पूर्ण व अंतिम' अशा शब्दांखाली सही करून मिळेल ती रक्कम स्वीकारतो आणि पुढे तीच सही त्याच्याविरुद्ध दाखवली जाते. २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात इर्डाने अशा पावतीमुळे अधिक भरपाई मागण्याचा हक्क संपुष्टात येत नसल्याचे स्पष्ट केले. तरीही रक्कम आक्षेपासह स्वीकारत असल्याचे पावतीवर किंवा लागलीच पाठवलेल्या पत्रात नमूद केल्यास पुढील वाद टळतो.

मर्यादा

या यंत्रणांपैकी कोणतीही विमापत्रात नसलेले संरक्षण निर्माण करू शकत नाही. लोकपाल व आयोग हे कराराचा अर्थ लावतात. करार नव्याने लिहीत नाहीत. त्यामुळे पुरेशी विमारक्कम, वेळेवर नूतनीकरण आणि विमापत्र व पावत्यांची प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवणे यांवर दाव्याचे यश बव्हंशी अवलंबून असते. घराबरोबर कागदपत्रेही पाण्यात गेलेल्या कुटुंबाला आपले नुकसान सिद्ध करणे सर्वांत कठीण जाते.

हेही पाहा

* विमा
* भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
* पंचनामा
* आपत्ती व्यवस्थापन