पहिले महायुद्ध आणि पोर्तुगाल

पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल विजयी राष्ट्रांच्या बाजूने होता, हे आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही. विजयानंतर त्याच्या वाट्याला जे आले, ते पाहता तसे होणे साहजिकच म्हणावे लागेल.

१९१० साली राजेशाही उलथून तेथे प्रजासत्ताक आले. नव्या राजवटीला युरोपात मान्यता हवी होती. शिवाय अंगोला व मोझांबिक या वसाहतींवर जर्मनीचा डोळा असल्याची धास्तीही होती. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतील जर्मन जहाजे ताब्यात घेतली आणि ९ मार्च रोजी जर्मनीने युद्ध पुकारले. सुमारे ५५ हजार सैनिक फ्रान्सच्या आघाडीवर गेले. ९ एप्रिल १९१८ रोजी लीस नदीकाठी जर्मन हल्ल्यापुढे त्यांची फळी काही तासांत कोसळली व हजारो सैनिक कैद झाले. आफ्रिकेतील मोहिमांत तर शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगराईनेच अधिक बळी घेतले. बातालियाच्या मठात १९२१ साली दोन अज्ञात सैनिकांचे दफन झाले, एक फ्रान्समधला आणि एक आफ्रिकेतला.

खरा घाव मात्र मायदेशी बसला. धान्यटंचाई, कर्ज आणि घसरते चलन यांनी प्रजासत्ताक पोखरून निघाले. डिसेंबर १९१७ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या सिदोनियो पाइस यांची सुमारे वर्षभरानंतर लिस्बनच्या रेल्वे स्थानकावर हत्या झाली. १९२१ मध्ये अंतोनियो ग्रान्जो यांना पंतप्रधानपद सोडताच बंडखोरांनी ठार केले. सोळा वर्षांत ४५ सरकारे आली. अखेर २८ मे १९२६ रोजी लष्कराने उठाव केला. त्याचे नेतृत्व करणारे जनरल गोमिश द कॉस्ता हे लीसच्या लढाईतलेच सेनानी, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. रिकामी तिजोरी सावरण्यासाठी १९२८ मध्ये कोइंब्राचे प्राध्यापक सालाझार अर्थमंत्री झाले. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्यांनी उभारलेली राजवट २५ एप्रिल १९७४ पर्यंत टिकली.

गोव्याला याची झळ थेट लागली. प्रजासत्ताकाने येथील हिंदूंना समान नागरी हक्कांची वाट खुली केली होती. १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींची उरलीसुरली स्वायत्तता काढून घेतली; पुढे सभा, भाषण आणि छपाई यांवर सरकारी पहारा बसला. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भाषणास उभे राहिले, ते याच बंदीविरुद्ध.