अमेलोब्लास्टोमा आणि ‘साधी’ गाठ

‘गाठ साधीच आहे ना, डॉक्टर?’ जबड्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला की घरचे आधी हेच विचारतात. रिपोर्टवर ‘अमेलोब्लास्टोमा’ असेल, तर नुसतं ‘हो’ म्हणून थांबणं मला धोक्याचं वाटतं.

नावापासूनच सुरुवात करू. ‘अमेल’ म्हणजे इनॅमल. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी वितळवणं या अर्थाचा जर्मानिक धातू आहे. दागिन्यावर काच वितळवून चढवतात ती मीनाकारी, आणि तिच्यावरून दाताच्या चकाकत्या कवचालाही तेच नाव पडलं. ‘ब्लास्टोस’ म्हणजे ग्रीकमध्ये अंकुर. ‘ओमा’ म्हणजे गाठ. पण कसली, ते ‘ओमा’ सांगत नाही. चरबीची निरुपद्रवी गाठ लायपोमा आणि जिवावर उठणारा मेलॅनोमा, दोन्हींचा प्रत्यय एकच.

गंमत अशी की या गाठीत इनॅमल कणभरही नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या बेटांच्या कडेला उंच पेशी ओळीने उभ्या दिसतात, दात घडताना इनॅमल तयार करणाऱ्या पेशींसारख्या. नाव पडलं ते या साम्यावरून. त्याआधी, 1885 मध्ये, फ्रान्सच्या मालासे यांनी या गाठीला नाव देताना ‘अडमास’ म्हणजे अभेद्य या ग्रीक शब्दाचा आधार घेतला होता. डायमंड हा शब्दही त्यातूनच आला. त्यावरून रूढ झालेलं ‘अॅडमँटिनोमा’ हे नाव आता नडगीच्या हाडातल्या एका दुर्मिळ गाठीकडे गेलं आहे. तिचा दाताशी काही संबंध नाही!

अशा गाठीसाठी आपल्याकडचा शब्द अर्बुद. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे: गोल, स्थिर, फारशी न दुखणारी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी, न पिकणारी गाठ. हे सगळ्याच अर्बुदांबद्दल आहे, तरी अमेलोब्लास्टोमाला ते नेमकं लागू पडतं. ती बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे होते. दुखत नाही, म्हणून गाल सुजेपर्यंत कळत नाही. एक्स-रेमध्ये हाडात साबणाचे फुगे दिसावेत तशी दिसते. आणि मूळ खरोखरच खोल: तिचे धागे आजूबाजूच्या हाडात शिरलेले असतात. नुसती खरवडून काढली तर ती पुष्कळदा परत येते. म्हणून सर्जन भोवतालचं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चांगलं हाडही काढतात. जबड्याचा मोठा तुकडा गेला तर पायातलं फिब्युला हाड तिथे बसवतात. त्यानंतरही वर्षानुवर्षं एक्स-रे काढून पाहावं लागतं, कारण दहा वर्षांनी उलटलेल्या गाठीही नोंदलेल्या आहेत.